१२१व्या दिवशी बंद पडणारे 'मोफत' संगणक

सकाळी सव्वादहाला क्रेडिट सोसायटीचा काउंटर उघडतो. पंधरा टेबलांवरचे पंधरा छोटे डबे सुरू होतात, विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्स प्रणालीचं चिन्ह झळकतं, आणि टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामच्या खिडकीऐवजी इंग्रजीत एक ओळ येते: रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स देणारा सर्व्हर उपलब्ध नाही. काल संध्याकाळी शिल्लक जुळवून सगळे घरी गेले, तेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. विक्रेत्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: "व्हायरस शिरला असेल. माणूस पाठवतो, व्हिजिटचे वेगळे पडतील." कॅलेंडर काढून पाहा, बसवून चार महिने झालेले असतात.

व्हायरस वगैरे काही नसतो. ही तारीख विक्रेत्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बेळगाव-खानापूरच्या पतसंस्था, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी, उद्यमबागेतले छोटे कारखाने यांच्याकडचे जुने पीसी एकदम 'बाद' ठरले. मग विक्रेता येतो आणि सांगतो: थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरच्या जोरावर चालणारे छोटे डबे घ्या, त्यावर लिनक्स, लिनक्स फुकट, व्हायरसचा ताप कमी, डबा जेमतेम १०-१५ वॅट वीज खातो, हेस्कॉमचं बिल उतरेल, यूपीएसवर जास्त वेळ तग धरेल. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच चेअरमन सही करतात.

खोट सुरू होते ती टॅली आणि नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरपाशी. टॅली विंडोजवरच चालते. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाईनवर ओढूनताणून चालवली तरी कंपनी हात वर करते. निबंधकांकडे जाणारी कागदपत्रं कन्नडमध्ये द्यायची, आणि जुन्या फायली नुडीच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसेल तर लिब्रेऑफिसमध्ये कन्नडऐवजी रोमन अक्षरांचा काला दिसतो. विक्रेत्याला हे माहीत असतं. तो आतल्या खोलीत एक सर्व्हर ठेवतो, त्यात विंडोज सर्व्हर घालतो आणि पंधराही डबे रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन टेबलावर दाखवून, त्याला जोडतो. टेबलावर दिसतं लिनक्स, काम चालतं विंडोजवर. बिलात मात्र 'ओपन सोर्स सोल्यूशन' एवढंच.

ही रचना स्वतःहून चुकीची नाही, पण तिला पैसे लागतात. विंडोज सर्व्हरचं लायसन्स वेगळं, त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसामागे सर्व्हर कॅल (जोडणीचा परवाना) वेगळं, आणि रिमोट डेस्कटॉपसाठी आरडीएस कॅल आणखी वेगळं. पंधरा माणसं म्हणजे पंधरा आरडीएस कॅल. मायक्रोसॉफ्ट आरडीएस कॅलशिवाय १२० दिवसांची सवलत देते, आणि सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. विक्रेता चाचणी आवृत्ती उतरवून घेतो, सवलतीवर सगळं चालवून दाखवतो, शेवटचा हप्ता उचलतो. १२० दिवस संपले की सर्व्हर डब्यांना आत घेत नाही. तिथून कसंबसं सावरलं तरी १८० दिवसांनंतर सर्व्हर दर तासाला आपोआप बंद होऊ लागतो.

'दुरुस्ती' काय करतात तेही सांगतो. माणूस येतो, विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतली (रजिस्ट्रीतली) सवलतीची नोंद पुसतो, आणखी १२० दिवस मिळतात. दोन मिनिटांचं काम, बिल सर्व्हर रिपेअरचं, आणि बेकायदा सॉफ्टवेअर वापरल्याची जबाबदारी मात्र सोसायटीच्या डोक्यावर. याचा स्वस्त भाऊ म्हणजे साधं विंडोज १० किंवा ११ प्रो घेऊन त्यात बाहेरचा रॅपर घालणं. प्रो आवृत्तीत एका वेळी एकच माणूस बसू शकतो. रॅपर ती अट मोडतो. पुढच्या अपडेटला रॅपर फुटतो आणि एकाच्या लॉगिनने दुसरा बाहेर फेकला जातो.

डेमो का फसवतो? विंडोज सर्व्हरवर व्यवस्थापनासाठी दोन जोडण्या आरडीएस कॅलशिवाय कायम चालतात. दोन डबे आणून चहाच्या वेळात दाखवलेला डेमो म्हणून कधीच पडत नाही. सगळे डबे एकाच वेळी लावून, प्रत्येकावर टॅलीचं एक व्हाउचर, ब्राउझरमध्ये पाच टॅब आणि एक प्रिंट, असा निदान एक पूर्ण दिवस महिनाअखेरीच्या गर्दीत घ्या.

सर्व्हर तपासायला इंजिनिअर लागत नाही. सर्व्हरच्या स्क्रीनवर 'विनव्हर' चालवा. नावात 'इव्हॅल्युएशन' शब्द दिसला तर तिथेच थांबा. कमांड प्रॉम्प्टवर 'एसएलएमजीआर'पुढे तिरकी रेघ आणि 'एक्सपीआर' दिलं की मुदत दिसते. आरडी लायसन्सिंग डायग्नोझर उघडा; तिथे लायसन्स सर्व्हर नाही किंवा उपलब्ध लायसन्स शून्य असं दिसलं तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, कॅल घेतलेली नाहीत. घेतली असतील तर खरेदीचा कागद सोसायटीच्या नावावर हवा, विक्रेत्याच्या नव्हे.

आता डब्यांकडे. यातली सर्वांत वाईट फसवणूक म्हणजे थिन क्लायंट म्हणून झिरो क्लायंट देणं. डेलचा वायझ ५०३० किंवा एचपी टी३१० यांत टेराडिसीची चिप असते, नेहमीचा प्रोसेसर नसतोच. त्यात लिनक्स चढवता येत नाही. एनकॉम्प्युटिंगचे एल३०० त्यांच्या स्वतःच्याच व्हीस्पेस सॉफ्टवेअरवर अवलंबून. हे डबे त्यांच्या जागी चांगले, पण मोठ्या कंपन्यांतून भंगारात निघाले की मातीमोल होतात आणि इथे 'लिनक्स रेडी' म्हणून येतात.

वायझ ३०४० खरा थिन क्लायंट आहे, पण त्यात २ जीबी रॅम आणि ८ किंवा १६ जीबी साठवण बोर्डावरच डाख दिलेली. "रॅम नंतर वाढवू" हे आश्वासन त्याला लागूच होत नाही. शिवाय तो ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा दोन प्रकारांत येतो. मिसळलेल्या अॅडॅप्टरांच्या पोत्यातून चुकीचा लावला की ५ व्होल्टचा डबा गेलाच. प्रत्येक डब्यामागचा व्होल्टेज वाचून त्याच्या अॅडॅप्टरवर खडूने आकडा घाला. वायझ ५०७० किंवा एचपी टी६२०ला रॅमच्या खाचा असतात, एम.२ एसएसडी बदलता येते. जरा महाग पडले तरी हेच घ्यावेत. ३२-बिटचे जुने ॲटमवाले डबे फुकट मिळाले तरी घेऊ नका: उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या आवृत्त्या; उबुंटूने ३२-बिटची डेस्कटॉप प्रतिमा २०१७मध्ये बंद केली, आणि डेबियन १३मध्ये त्यासाठी इन्स्टॉलरच नाही.

'नवीन' म्हणून जुना माल ओळखायचा तर स्टिकर नव्हे, बायोस (डबा सुरू होतानाचं सेटिंगचं पान) पाहा. बायोसमधला सिरियल नंबर आणि डब्यावरचा एकच हवा. एचपीच्या दहा अक्षरी सिरियलमध्ये बहुतेक वेळा चौथा अंक सालाचा शेवटचा आकडा आणि पुढचे दोन आठवड्याचे. डेलचा सर्व्हिस टॅग त्यांच्या संकेतस्थळावर घातला की वॉरंटीच्या तारखा कळतात. बायोस पासवर्ड मागत असेल तर वायझचा कारखान्यातला 'फायरपोर्ट', पहिलं अक्षर मोठं, लावून पाहा. तो चालला नाही तर आधीच्या मालकाचा पासवर्ड आत बसलाय. यूएसबीवरून काहीच चढवता येणार नाही. घड्याळ दर वेळी जुन्या सालावर जात असेल तर बोर्डावरचा बटणसेल संपलाय. सेल किरकोळ, पण तारीख चुकली की सर्टिफिकेट नाकारली जातात आणि ब्राउझरमधलं बँकेचं पान उघडत नाही.

सर्व्हरचंही तेच. 'झिऑन', म्हणजे इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर, म्हटलं की माणसं दबतात. यूएसबीवरून लिनक्स सुरू करून 'एलएससीपीयू' चालवल्यावर ई५-२६५० व्ही२ दिसलं तर तो प्रोसेसर २०१३चा, बहुधा डेटा सेंटरमधून निघालेला, नव्या चिनी बोर्डावर बसवलेला. पंधरा जणांना ३२ जीबी रॅम आणि एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन एसएसडी ही आमची किमान अट. एकच एसएसडी असेल तर किंमत पाडून घ्या किंवा उठा.

पासबुक प्रिंटरचा घोळ फसवणूक नसतो, पण विक्रेता तो झाकतो. लिनक्सवरच्या फ्रीआरडीपी या रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्राममधून प्रिंटर पुढे पाठवला की मजकूर पोस्टस्क्रिप्ट होऊन येतो आणि डॉट मॅट्रिक्सवर चित्रासारखा छापला जातो: हळू, आणि ओळी पासबुकाच्या रेघांवर न बसणाऱ्या. प्रिंटर प्रिंट सर्व्हरवर ठेवून ९१०० पोर्टने थेट मजकूर पाठवावा लागतो. हे आधी विचारा. उत्तर देता आलं तर समोरच्याला काम येतं.

काही जण विंडोज न वापरता प्रामाणिक लिनक्स बसवतात आणि वेगळीच मेख मारतात. 'उबुंटू लायसन्स, प्रति मशीन, वार्षिक' ही बिलातली ओळ निव्वळ थाप. उबुंटू वापरायला लायसन्स फी नाही. बसवण्याचे, देखभालीचे पैसे जरूर द्या, पण ते त्याच नावाने. रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराच्या खात्याचा, पासवर्ड विक्रेता स्वतःकडेच ठेवत असेल तर पुढचं वाचा: ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक ओळ घातली की ठरल्या तारखेला लॉगिन बंद पडतं आणि 'रिन्यूअल'चा फोन येतो. क्रॉनची यादी, 'इटीसी'मधली 'क्रॉन.डी' आणि 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' पाहून अनोळखी नोंद शोधा. दुरून संगणक चालवू देणारं एनीडेस्क कायमचं चालू असेल तर काढा.

आमचं विचाराल तर पंधरा टेबलांच्या सोसायटीला टॅली आणि नुडी तीनच टेबलांवर लागते. तिथे लायसन्सचे तीन विंडोज पीसी ठेवा. उरलेल्या बारा टेबलांना डेबियन आणि एकाच सर्व्हरवरून सगळे डबे सुरू करणारी एलटीएसपी. ही १९९९पासूनची मोफत व्यवस्था, २०१९मध्ये नव्याने लिहिलेली. नव्या रूपात प्रोग्राम डब्यावरच चालतात, म्हणून प्रत्येक डब्यात ४ जीबी रॅम आणि मध्ये गिगाबिट स्विच हवाच. जुना १०० एमबीपीएसचा स्विच राहिला तर सकाळी एकदम सगळे सुरू होताना डबे रांगेत अडकतात आणि दोष लिनक्सला मिळतो.

पैसे असे द्या: डबे आणि सर्व्हर मोजून, तपासून झाल्यावर ४० टक्के, पूर्ण गर्दीत पंधरा दिवस चालल्यावर ४०, आणि २० टक्के २०० दिवसांनी. दोनशे यासाठी की १२० आणि १८० दोन्ही ओलांडले जातात. दोनशे ऐकून विक्रेत्याचा चेहरा पडला तर तेवढ्यावरूनच बरंच कळतं.

बिलाच्या बाबतीत सीमाभागाचा खास घोळ आहे. जीएसटी नंबर २७ने सुरू म्हणजे महाराष्ट्र, २९ म्हणजे कर्नाटक. कोल्हापूरचा विक्रेता माल बेळगावात पोचवून देत असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागतो. सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं बिल चुकीचं, आणि त्याची वजावट इथे मिळत नाही. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेरून येताना ई-वे बिल हवं. ४९ हजारांची चार बिलं करून डिकीतून कोगनोळीची सीमा ओलांडून आलेल्या मालाचा पुढे पुरावा उरत नाही. आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'कोल्हापूर न्यायकक्षेत' असतं ते खोडून 'बेळगाव' लिहून घ्या, सहीसह.

फसलात तर सर्व्हर फॉरमॅट करू देऊ नका. आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, मग क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रत, एरर आणि सिरियल नंबरांचे फोटो, विनव्हरच्या खिडकीचा फोटो. व्यवसायासाठी घेतलेला माल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या 'ग्राहक' व्याख्येत सहसा बसत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगावर विसंबू नका. वकिलामार्फत नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं. तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली तर सही करण्याआधी कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, विशेषतः 'चाचणी आवृत्ती' हा मुद्दा त्यात आला आहे की नुसतं 'संगणक नादुरुस्त' असं लिहिलंय, ते.