‘पूर्ण स्विमिंग किट’ फक्त 1,850 रुपयांत: त्या पिशवीत नक्की काय असतं

एप्रिल लागला की टँकबाहेर टेबलं मांडली जातात. उन्हाळी बॅचचा पहिला दिवस, आत शिट्टी झालेली, पोरगं हात ओढतंय आणि टेबलवाला ठासून सांगतो, “सरांनीच सांगितलंय, हे किट घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. याच्यात मूल बुडूच शकत नाही.” असंच घाईत घेतलेलं एक किट एका आईने आमच्यासमोर उघडलं. मूल सहा वर्षांचं, वजन 19 किलो. पिशवीत लाइफ जॅकेट, दंडाला लावायचे फुगे, गॉगल, कॅप आणि कॉश्चुम. बिल नाही.

सगळ्यात वाईट निघालं ते जॅकेट. बगलेची शिवण दोन बोटांनी फाकवली तर आत गादीत घालतात तसला स्पंज. त्याचा तुकडा पेल्यात बुडवून पिळला, पाणी निथळलं. जॅकेटमधला फोम बंद पेशींचा लागतो, तो कितीही दाबला तरी पाणी पीत नाही. स्पंज सुरुवातीला तरंगतो, मग पाणी भरतं आणि जॅकेटच मुलाला जड होतं. हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. जानेवारी 2016 मध्ये तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये पोलिसांनी बाराशेहून जास्त बनावट जॅकेटं पकडली होती, आत पॅकिंगचं सामान भरलेलं. ती समुद्र ओलांडून निघालेल्या निर्वासितांना विकली जाणार होती.

खऱ्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर किती किलोच्या माणसासाठी ते आहे आणि 50, 100 की 150 या वर्गातलं आहे, हे छापलेलं असतं. हा आकडा तरंगवण्याच्या ताकदीचा, न्यूटनमध्ये; 50 म्हणजे साधारण 5 किलोचा भार. ‘50’ हे पोहता येणाऱ्यासाठी, मदत जवळ असताना. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवायची हमी त्यात नाही. पोहता न येणाऱ्या लहानग्याला निदान ‘100’ वर्गाचं, मानेमागे कॉलर आणि दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेलं हवं. दुकानातच घालून पट्टे आवळा आणि जॅकेट खांद्यांना धरून वर उचला. ते हनुवटीवर, कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात मूल खालून निसटणार. ‘वाढत्या अंगाचं घ्या’ हा सल्ला गणवेशाला ठीक, इथे नाही. मोठ्यांचं जॅकेट घरी तपासता येतं. 70 किलोच्या माणसासाठीच्या ‘50’ वर्गाच्या जॅकेटला 5 किलोचं लोखंडी वजन बांधून पाण्याच्या टाकीत सोडा. लोखंड पाण्यात साधारण 4.4 किलोच भरतं, तेव्हा जॅकेट वर राहिलंच पाहिजे. रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा बघा, स्पंजाचं पितळ तिथे उघडं पडतं.

फुग्यांच्या पाकिटावर बारीक इंग्रजीत इशारा होता: मूल उभं राहू शकेल एवढ्याच पाण्यात, मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावे. किमतीचं स्टिकर नेमकं त्यावर डकवलेलं. म्हणजे खेळणं विकलं, जीवरक्षक म्हणून. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. त्याच्यासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. पण मार्क खरा असला तरी खेळणं ते खेळणंच. घ्यायचेच असतील तर प्रत्येक फुग्यात हवेचे दोन कप्पे हवेत आणि तोंडाचं झाकण उघडल्यावर हवा भसकन सुटता कामा नये. शिकायला मात्र त्यांचा उपयोग कमीच: मूल पाण्यात उभं लटकतं, हात मारताच येत नाहीत. गावाकडे विहिरीत पोरांना पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा वाळका भोपळा पाठीला बांधतात, तेव्हा अंग आडवं राहतं, आणि दोराचं दुसरं टोक जाणत्या माणसाच्या हातात असतं. बिंड्याच्या भरवशावर पोर सोडून कोणी घरी जात नाही.

तान्ह्या बाळांच्या गळ्यात घालायच्या रिंगा तर घेऊच नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 2022 मध्ये त्यांच्याबद्दल इशारा दिला, त्यात एका बाळाच्या मृत्यूची नोंद आहे.

गॉगलवर ‘अँटी-फॉग, यूव्ही’ वगैरे सगळं छापलेलं, पण कडा कडक पीव्हीसीच्या आणि नाकाचा पूल मोठ्या माणसाच्या मापाचा. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर माप बरोबर. कडा मऊ सिलिकॉनच्याच घ्या. आणि आतून काच बोटाने पुसू नका. वाफ न धरण्याचा लेप त्यानेच जातो, मग तोच माणूस वर स्प्रे विकतो.

कॉश्चुममध्ये सुती धागा होता, पाण्याचा थेंब टाकताच शोषला गेला. सुती कापड भिजून जड होतं. पॉलिस्टरचं क्लोरिनला जास्त टिकतं. रंगही आकाशी होता, आणि टँकच्या निळ्या पाण्यात आकाशी कपड्यातलं मूल तळाशी गेलं तर वरून दिसत नाही. भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या.

नवशिक्याला कॉश्चुम, कॅप आणि गॉगल एवढंच पुरतं. किकबोर्ड, म्हणजे हातात धरून पाय मारायची तरंगती फळी, बहुतेक टँकवर मिळतो. विकत घेतलात तर ईव्हीए या रबरासारख्या फोमचा, थर्मोकोलचा कोपऱ्यांनी झडतो. जॅकेट हे होडीसाठी, समुद्रासाठी. “सरांनी सांगितलंय” ऐकलं की आधी कार्यालयात जाऊन नियमांची पाटी वाचा.

पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, महिना-वर्ष आणि एमआरपी नसेल तर तिथेच परत करा. बिल मागा. बिल देत नसेल तर यूपीआयने पैसे द्या, निदान नोंद राहते. फसलात तर पाकीट, स्टिकर आणि फाटक्या शिवणीचे फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. जॅकेट तक्रार निकाली निघेपर्यंत पुरावा म्हणून ठेवा, शेजारच्या मुलाला देऊ नका. नंतर पट्टे कापूनच कचऱ्यात टाका, नाहीतर भंगारातून ते पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर पोचतं.