संक्रांत की गणपती: रजा कुणाची सोपी?

संक्रांतीच्या रजेचा अर्ज डोळे मिटून टाकावा: १४ किंवा १५ जानेवारी. सण सूर्यावर चालतो, त्यामुळे तारीख फारशी हलत नाही. वार मात्र सरकतो. ३६५ दिवसांत ५२ आठवडे बसून एक दिवस उरतो, लीप वर्षात दोन.

गणपतीचं तसं नाही. ठाणे स्टेशनवर कोकणची गाडी धरणाऱ्यांना विचारा! २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला थेट २७ ऑगस्ट. बारा चांद्रमहिने ३५४ दिवसांत आटपतात, म्हणून तिथी दरसाल अकराएक दिवस अलीकडे येते. २०२६ ला ज्येष्ठ अधिक, त्यामुळे स्वारी पुन्हा १४ सप्टेंबरला.

हिशेबाला संक्रांत बरी. पण गावी जायला तिची रजा घेतो कोण?