मे अखेरचं फ्रेंडशिप पीक: मनालीच्या एका गाइड-मंडळींचा अनुभव

पैसे भरण्याआधी मी मनालीत चार ठिकाणी फोन केले आणि चारही ठिकाणी एकच विचारलं: आत्ता बर्फ कुठून सुरू होतोय? दोघं म्हणाले, "एकदम बढिया बर्फ है मॅडम, आ जाइए." एकाने माहितीपत्रक पाठवलं. चौथा म्हणाला, "दीदी, परसों ही उतरा हूँ. बकरथाच में घास निकल आई है, बर्फ लेडी लेग के पास मिलेगी. आप आओगे तब तक और ऊपर चली जाएगी." बकरथाच म्हणजे वाटेवरचं कुरण, लेडी लेग म्हणजे चढाईआधीचा शेवटचा तळ. पैसे मी त्याला भरले.

हा अनुभव त्याच मंडळींचा. भाऊ आणि चुलतभाऊ मिळून चौघांचा कारभार आहे. नाव इथे देत नाही, कारण पुढे दोन तक्रारीही आहेत आणि चार घरं त्यावर चालतात.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे वाचणाऱ्याला माझ्या मताचं वजन करता येईल. वय 49, बडोद्यात शाळेत गणित शिकवते, घर दांडिया बाजारात. वडील जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडलेले, त्यामुळे सकाळी उठून अंग मोडायची सवय लहानपणापासूनची. गेली सहा वर्षं दर रविवारी बडोद्याजवळचा पावागढ डोंगर. याआधी बर्फावर एकदाच गेले होते, तेही डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठाला. सोबत माझा 24 वर्षांचा भाचा आणि त्याचा एक मित्र. आम्ही तिघं आणि आमच्यासाठी दोन गाइड, एक स्वयंपाकी, सामानाला खेचरं. आठ दिवस, माणशी 38 हजार, बूट आणि क्रॅम्पॉनचं (बर्फासाठी बुटाखाली बांधायच्या धातूच्या टोच्यांचं) भाडं वेगळं.

फ्रेंडशिप पीक 5,289 मीटर, पीर पंजाल रांगेत, सोलंग खोऱ्याच्या वरच्या अंगाला. नेटवर जिथे तिथे हे शिखर "नवशिक्यांसाठी" म्हणून लिहिलेलं असतं. त्यात खरं एवढंच की कड्याला लटकायचं नाही. बाकी लेडी लेगचा तळ सुमारे 3,800 मीटरवर, म्हणजे शेवटच्या रात्री एका दमात जवळपास 1,500 मीटर चढायचं, पावागढ पायथ्यापासून दोनदा चढण्याएवढं, आणि तेही अशा हवेत जिथे वर पोचेपर्यंत ऑक्सिजन आपल्या बडोद्याच्या जेमतेम निम्मा उरतो. शिवाय वरचे उतार साधारण 30 ते 45 अंशांचे. हिमप्रपात जास्तीत जास्त होतात ते नेमके एवढ्याच तिरक्या उतारांवर. 2022 च्या 4 ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमप्रपातात सापडली, त्यात शिकणारे गेले आणि शिकवणारेही गेले. ती बातमी वाचल्यापासून मला कुठल्याही गाइडकडून पहिल्यांदा ऐकायची असते ती बर्फाची गोष्ट. जेवण, तंबू, फोटो, सगळं नंतर.

पहिली तक्रार इथेच सांगते. फोनवरचा गाइड ताजं बोलत होता, पण त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि सामानाची यादी मेच्या पहिल्या आठवड्यातली होती. फोटोत बकरथाच पांढरंशुभ्र. प्रत्यक्षात धुंदीला गाडीतून उतरलो तर हिरवंगार, मेंढ्यांचे कळप आणि जागोजागी पाण्याचे ओहोळ. यादीत गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कापड) होते, ओहोळ ओलांडायला लागणाऱ्या सँडल नव्हत्या. बर्फ वितळत असताना हे ओहोळ सकाळी घोट्याएवढे असतात आणि दुपारी तीनला गुडघ्याला लागतात. दुसऱ्या दिवशी ब्यासकुंडावरून परत येताना भाच्याच्या मित्राने बूट घालूनच पाण्यात पाय टाकला आणि ते बूट पुढे दोन दिवस वाळले नाहीत. तीन आठवड्यांत डोंगर एवढा बदलतो, तर यादीही बदलायला हवी. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, त्याच संध्याकाळी पुढच्या तुकडीला मेसेज गेला.

आता जे मनापासून आवडलं ते.

रोज संध्याकाळी चहानंतर मोठा गाइड आम्हाला तंबूबाहेर न्यायचा आणि समोरचा डोंगर वाचून दाखवायचा. कुठला उतार आज उन्हात किती वाजता आला, कुठून दगड सुटले, हनुमान टिब्बा शिखराच्या बाजूला सकाळी अकराला जो गडगडाट झाला तो कुठला. बोट दाखवून दाखवून. लेडी लेगच्या वर पहिला सलग बर्फ लागला तिथे त्याने आइस ॲक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, उलटी धरली आणि दांडा नुसत्या हाताच्या वजनाने बर्फात ढकलला. दुपारी दोन वाजता तो निम्म्याच्या वर आत गेला. मग मूठभर बर्फ उचलून माझ्या हातमोज्यावर ठेवला. चूर्ण नव्हतं ते, सुटे सुटे गोल दाणे होते, थेट भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, कडेने पाणी सुटलेलं. दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं, असं आठवडे चाललं की बर्फाचा असा दाणा बनतो. पहाटे हेच दाणे एकमेकांना घट्ट धरून असतात आणि वर कडक पापडी येते, त्यावर क्रॅम्पॉनचे टोचे बसतात. ऊन चढलं की पापडी सुटते आणि अख्खा उतार भुसभुशीत होतो. म्हणून रात्री बाराला निघायचं आणि ऊन तापायच्या आत खाली यायचं. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. हातावर दाणे घेतल्यावर समजलं.

एक दिवस पूर्ण सरावाला दिला होता. उतारावर मुद्दाम घसरायचं आणि ॲक्सचं टोक छातीखाली दाबून थांबायचं, पाठीवर पडून, पोटावर पडून, डोकं खाली असताना. त्याने माझ्याकडून तेवीस वेळा करून घेतलं, मी मोजलं. ओल्या बर्फात क्रॅम्पॉनखाली गोळा धरतो आणि टोचे बर्फाला लागतच नाहीत, तेव्हा ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेला ठोकून तो पाडायचा, हेही तिथेच शिकले.

दुसरी तक्रार बुटांची. भाड्याचे बूट माझ्या मापाचे म्हणून दिले ते एक नंबर मोठे होते, आतलं अस्तर आधीच दमट. त्यावर दिलेले क्रॅम्पॉन सैल. नीट बसलेला क्रॅम्पॉन पट्टा न आवळताही बूट उचलून हलवला तर पडायला नको. माझा डावा पडला. लहान गाइडने आपल्या चुलतभावाचे बूट खालून मागवले, ते संध्याकाळी आले आणि बरे बसले. पण ही तपासणी मनालीत, निघायच्या आधी व्हायला हवी होती. 3,800 मीटरवर बूट बदलून मिळाले हा त्यांचा चांगुलपणा झाला, त्यावर कुणी विसंबू नये.

जेवण साधं, गरम, भरपूर. खिचडी उत्तम. आम्ही नेलेले थेपले थंडीने पापडासारखे कडक व्हायचे, जॅकेटच्या आत पोटाशी धरून ठेवले की अर्ध्या तासात मऊ. लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, स्वयंपाक्याला इतका आवडला की उरलेला सगळा त्यालाच देऊन आले.

चढाईची पहिली रात्र. संध्याकाळी पाचपासून ढग भरून आले. पाऊस नाही, वारा नाही, थंडीही आदल्या रात्रीपेक्षा कमी. मला वाटलं, बरं झालं. मोठा गाइड मात्र सारखा बाहेर जाऊन आकाश बघत होता. बर्फाची उष्णता रात्री वर उघड्या आकाशात निघून जाते, तेव्हा तो गोठतो. वर ढगांची दुलई असली की ती उष्णता जात नाही आणि हवा गार असली तरी बर्फ नीट धरत नाही. साडेबाराला निघालो. दोन वाजता त्याने दांडा टेकवला, चार बोटं आत गेला. "अभी देखते हैं," म्हणाला. साधारण 4,500 मीटरवर पापडी पायाखाली फुटायला लागली. एक पाय वर राहायचा, दुसरा गुडघ्यापर्यंत आत. त्याने परत दांडा टेकवला, या वेळी तो मुठीपर्यंत गेला. घड्याळात 3:40. "आज नहीं." एवढंच बोलला आणि वळला.

आमच्या पुढे आणखी एक मोठी तुकडी होती, ती वर जात राहिली. त्यांच्या दिव्यांची रांग दिसत होती. भाचा चिडला, "मावशी, ते जातायत ना!" मी त्याला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. ती माणसं दुपारी दीडला परत आली, शिखर न गाठता, कमरेपर्यंत भिजलेली, एका मुलीचे ओठ निळे पडलेले. सुदैवाने सगळी सुखरूप होती. त्यांच्याकडे राखीव दिवस नव्हता, म्हणून त्या रात्री जाणं त्यांना भाग होतं.

आमच्याकडे होता. 38 हजारांतला सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो. स्वस्तातल्या बऱ्याच कार्यक्रमांत पहिल्यांदा तोच कापतात, आणि मग गाइडला आकाश बघायची सोय राहत नाही, तारीख बघावी लागते.

दुसऱ्या रात्री आभाळ लख्ख. सव्वाबाराला निघालो. त्याच 4,500 वर त्याने दांडा आपटला आणि खणखणीत आवाज आला, जमिनीवर पहार पडावी तसा. आदल्या रात्रीची आमची पावलं गोठून पायऱ्या झाल्या होत्या. पुढे बर्फातल्या भेगा सुरू झाल्या, तिथे दोर बांधला. वर पातळ बर्फाचा पूल असतो, मेच्या सुरुवातीला तो जाड असतो आणि जूनकडे सरकताना रोज पातळ होत जातो. एका ठिकाणी तो खचलेला होता, आतला निळा अंधार टॉर्चमध्ये दिसला आणि आम्ही डावीकडून लांब वळसा घेतला. त्या वळशात चाळीस मिनिटं गेली.

पावणेसातला मी 5,000 च्या किंचित खाली होते. दहा पावलं, थांबा, दहा पावलं, थांबा. परतायची वेळ साडेआठ ठरलेली होती. मोठ्या गाइडने माझी चाल बघून सरळ सांगितलं, "दीदी, इस चाल से साढ़े नौ बजेंगे. नीचे की बर्फ तब तक खुल जाएगी." दोन मुलं त्याच्यासोबत पुढे गेली, लहान गाइड माझ्यासोबत खाली उतरला. तिघांमागे दोन गाइड असण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. एकच असता तर एक तर मुलांना माझ्यामुळे परतावं लागलं असतं, नाही तर मला कुठल्या तरी खडकापाशी एकटीला बसवून ठेवलं असतं. भाचा आणि त्याचा मित्र 8:10 ला शिखरावर पोचले. मी नवाच्या सुमाराला खालच्या उतारावर होते आणि पाय घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत आत जायला लागले होते. त्याने सांगितलेली वेळ अर्ध्या तासानेही चुकली नाही.

एक सूचना माझ्याकडून: उन्हाचं मलम नाकपुड्यांच्या आतल्या कडेला आणि हनुवटीच्या खालीही लावा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा 80 टक्क्यांपर्यंत भाग परत वर फेकतो, टोपी त्यापुढे काही करत नाही. माझी हनुवटी आठवडाभर सोलत होती.

पाचपैकी मी साडेचार देईन. अर्धा बुटांसाठी आणि शिळ्या यादीसाठी कापला. त्यांच्याकडे जाणार असाल तर राखीव दिवस असलेलाच कार्यक्रम घ्या, आणि निघायच्या दोन दिवस आधी फोटो मागू नका, मोठ्या गाइडला फोन लावून बर्फ कुठून सुरू होतोय ते विचारा. तो जे आहे तेच सांगतो.

माझी पुढच्या वर्षीची तारीख त्याच्याकडे लिहून ठेवली आहे, या वेळी मेचा दुसरा आठवडा. स्वतःचे बूट घेतलेत, 37 नंबरचे, आणि रविवारी पावागढच्या माचीपासून कालिकामातेच्या पायऱ्यांवर तेच घालून चढते आहे.