घरच्या गाड्यांसाठी कॉम्प्रेसर: 24 लिटर, 50 लिटर की पट्ट्याचा?

दुकानात कॉम्प्रेसर मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती लिटरचा देऊ?" मग आपणही टाकीकडं बघूनच ठरवतो. मी तेच केलं आणि फसलो, म्हणून आधी हे सांगतो.

टाकी म्हणजे घागर आणि पंप म्हणजे नळ. घागर कितीही मोठी घेतली तरी नळाची धार बारीक असेल, तर एकदा रिकामी झाली की ताटकळावंच लागतं. ही धार सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा (1 घनफूट म्हणजे सुमारे 28 लिटर). डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा पंप किती हवा ओढतो त्याचा असतो. हातात त्याहून बरीच कमी येते. म्हणून दुकानदाराला विचारायचं, "6 बारला प्रत्यक्ष हवा किती मिळते?" (बार हे दाबाचं माप, 1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय.) 2 एचपीच्या छोट्या यंत्राकडून 5 सीएफएमच्या आसपास धरून चाला.

आता 24 लिटरचा. कारच्या टायरमध्ये साधारण 30 लिटर जागा असते. 20 पीएसआयवर आलेला टायर 33 वर न्यायला बाहेरची 27 लिटरभर हवा लागते. 8 बारला भरलेली टाकी 3 बारपर्यंत उतरली तर 120 लिटर हवा देते, म्हणजे चारही टायर एका भरण्यात होतात. बुलेट, मोपेड, एअर फिल्टर झाडणं, चेन धुतल्यावर हवा मारणं, सगळं निभतं. उचलून कोपऱ्यात ठेवता येतो. घरात एक कार, दोन दुचाकी आणि फक्त एवढंच काम असेल, तर याच्या पुढं पैसे घालू नका.

रंगाची गोष्ट मात्र वेगळी. दिवाळीच्या सुट्टीत मी बुलेटचं मडगार्ड याच 24 लिटरवर रंगवायला घेतलं. पहिला हात छान बसला. दुसऱ्या हाताला काटा 3 बारच्या खाली आला, फवाऱ्याचा पंखा आक्रसला आणि रंगाच्या गननं बारीक फवाऱ्याऐवजी थेंब थुंकायला सुरुवात केली. दोन मिनिटं थांबून परत मारलं, तर मधला जोड उन्हात स्पष्ट दिसत होता. सगळं घासून पुन्हा केलं. बऱ्याच एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला 8 ते 12 सीएफएम लागतात, मग 5 ची धार कुठं पुरणार? कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घेतली असती, तर त्याच यंत्रावर छोटा भाग निघाला असता.

50 लिटरच्या बाबतीत इथंच गफलत होते. मोटर तीच आणि टाकी दुप्पट, तर रंगाला एक-दोन हात जास्त मिळतात आणि मग थांबणंही दुप्पट. पण इम्पॅक्ट गनला ही टाकी खरंच उपयोगी. नट सोडवायचं काम दोन-चार सेकंदांचं, मधल्या वेळात टाकी भरून येते. चाकं स्वतः काढणाऱ्यानं, ट्यूबलेस टायर रिमवर बसवणाऱ्यानं 50 लिटरच घ्यावा. माझं मत विचाराल तर घरकामाची खरी निवड हीच.

पट्ट्याचा, म्हणजे मोटर पट्ट्यानं पंप फिरवते तो, 100 लिटरच्या पुढचा, अख्खं दार किंवा बॉनेट रंगवणाऱ्यासाठी. पंपाचे फेरे कमी, आवाज जाड पण सुसह्य, तेल बदलत राहिलं की वर्षानुवर्षं चालतो. पंपात तेल न लागणाऱ्या ऑइल-फ्रीची देखभाल कमी, पण साधं मॉडेल पोर्चमध्ये लावलं तर दुपारी शेजारी दार वाजवणारच. 3 एचपीच्या पुढं बहुतेक थ्री-फेज वीज कनेक्शन लागतं, ते घरी आहे का आधी बघा.

विजेचंही तेच. 2 एचपीची मोटर चालताना 9-10 अँपिअर ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. 16 अँपिअरचा सॉकेट हवा. लांब, बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज पडतं, मोटर नुसती गुणगुणते आणि वायर तापते. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा पाइप लांबवा.

आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात टाकीत पाणी साचतंच. जुलैत मी टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक सोडतो तेव्हा चहाच्या रंगाचं पाणी येतं. काम झालं की प्रेशर उतरवून रोज सोडायचं. रंगाला तर हवेतलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर लागतोच, नाहीतर फोड येतात.

इथल्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) ओळखीनं जुना मिळत असेल, तर मोटरच्या आवाजाआधी टाकीचा तळ बघा. तळाला वेल्डिंगचं ठिगळ दिसलं किंवा कॉकमधून गंजाचे पापुद्रे पडले, तर फुकट दिला तरी आणू नका. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा सुटते का, तेही तिथंच बघून घ्या.