री-होल्डरचं बिल कुठे फुगतं: नाशिकहून स्लॅब पाठवणाऱ्या एका सेवेचं परीक्षण

ग्रेडेड कॉमिक (कंपनीने तपासून दर्जा, म्हणजे ग्रेड, ठरवलेलं आणि सीलबंद प्लास्टिक केसमध्ये ठेवलेलं कॉमिक; केससह त्याला स्लॅब म्हणतात) अमेरिकेला पाठवून नव्या केसमध्ये बंद करून आणून देणारी ही नाशिकमधली मध्यस्थ सेवा कामाला चांगली आहे, बिलात मात्र कच्ची आहे. स्लॅब सुखरूप जातात, सुखरूप येतात. पण आधी सांगितलेली रक्कम आणि शेवटी मागितलेली रक्कम यांत जो फरक पडतो, त्याचा हिशेब कुणी मांडून देत नाही. सेवेचं नाव इथे देत नाही. खालच्या बहुतेक गोष्टी या कामातल्या कुठल्याही मध्यस्थाला लागू पडतात, आणि सगळाच वाढीव खर्च मध्यस्थाच्या माथी मारणंही बरोबर नाही. काही वाढ रास्त असते. कुठली रास्त आणि कुठली नाही, ते ओळखता आलं पाहिजे.

री-होल्डर म्हणजे ग्रेड तीच ठेवून फक्त केस बदलणं. स्लॅबला दोन आवरणं असतात. बाहेर कडक प्लास्टिकची केस, आणि तिच्या आत कॉमिक ज्यात बंद असतं ते पातळ, पारदर्शक, सील केलेलं पाकीट. त्याला इनर वेल म्हणतात. वादाचं मूळ या पाकिटात आहे. बाहेरची केस कोपऱ्यात तडकली, ओरखडे आले, पण आतलं सील शाबूत आहे, तर काम साधं आणि शुल्क ठरलेलं. आतलं पाकीट फाटलं असेल, सील सुटलं असेल, आत ओल शिरल्याचा डाग दिसत असेल किंवा कॉमिकलाच मार बसला असेल, तर कंपनी जुनी ग्रेड तशीच नव्या लेबलवर छापून देत नाही. कॉमिक पुन्हा तपासावं लागतं. मग री-होल्डरचं शुल्क बाजूला राहतं आणि पूर्ण ग्रेडिंगचं शुल्क लागतं. ग्रेड खाली आली तरी पैसे तेवढेच.

ही वाढ रास्त आहे, आणि अलीकडे ती अधिक काटेकोरपणे लावली जाते त्यालाही कारण आहे. २०२३च्या अखेरीस असं उघड झालं, की सीजीसी या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीच्या काही केस उघडून आतली उत्तम प्रत काढून घेतली गेली, तिच्या जागी हलकी प्रत बसवली गेली, आणि मग तीच केस री-होल्डरला पाठवून कोरं, निर्दोष आवरण मिळवलं गेलं. री-होल्डरच्या वाटेनेच फसवणूक झाल्यावर त्या वाटेवर पहारा बसणार हे उघड आहे. संग्राहकाच्या दृष्टीने हा पहारा हवाच.

रास्त नाही ती गोष्ट अशी: या सेवेच्या पावतीवर ‘तपासणीअंती शुल्क बदलू शकते’ एवढीच ओळ असते. किती बदलेल, कोण ठरवेल, ग्राहकाला विचारून की न विचारता, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पुनर्ग्रेडिंगचं शुल्क कॉमिकच्या सालावर आणि किमतीवर ठरतं. सीजीसीकडे १९७५ आणि त्यानंतरचे अंक ‘मॉडर्न’मध्ये मोडतात आणि स्वस्त पडतात. त्याआधीचे अंक वरच्या गटात जातात. म्हणजे १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल मालिकेचा पहिल्या दहा वर्षांतला अंक असेल, तर तो वरच्याच गटात धरायचा. फार महाग अंकांचं शुल्क तर बाजारभावाच्या टक्क्यांत असतं, आणि हा बाजारभाव आजचा धरतात. तुम्ही तो अंक कधीकाळी कितीला घेतला होता याला महत्त्व नाही. त्यामुळे जुन्या खरेदीची किंमत फॉर्मवर लिहिली की पुढे गट बदलतो आणि फरकाचं बिल येतं. त्या बिलावर भांडण्यात अर्थ नाही. देण्याआधी त्याच अंकाच्या त्याच ग्रेडमधल्या अलीकडच्या विक्रीच्या किमती पाहून आकडा लिहावा, आणि पावतीवर हाताने एक ओळ लिहून घ्यावी: ‘एकूण शुल्क अमुक रुपयांच्या वर जात असल्यास काम थांबवून लेखी परवानगी घ्यावी.’ काउंटरवरची मंडळी आधी कां-कूं करतात, पण लिहून देतात. पुढे नकार दिला तरी परतीचा खर्च आपल्याच अंगावर येतो, हे धरून चालावं.

पिवळ्या लेबलचे, म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर सही घेतलेले अंक असतील तर आणखी जपावं. केस घरी उघडली की साक्षीची साखळी तुटते. तीच सही मग साक्षीविना केलेली धरली जाते आणि हिरव्या, म्हणजे ‘क्वालिफाइड’ लेबलची वेळ येऊ शकते. केस कितीही तडकलेली असो, उघडू नये. तडा पसरत असेल तर स्लॅब झिप पिशवीत घालून पिशवीवरून टेप लावावी, स्लॅबवर टेप चिकटवू नये.

बरेच स्लॅब तर विनाकारण पाठवले जातात. केसमध्ये तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं दिसतात, ती न्यूटन रिंग्ज. प्लास्टिकचे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकले की प्रकाशामुळे त्या दिसतात. कॉमिकला त्यांचा काही त्रास नाही आणि नव्या केसमध्येही त्या परत येऊ शकतात. बाहेरचे हलके ओरखडे प्लास्टिक पॉलिशने मऊ मायक्रोफायबर कापडाने गोल गोल घासले की बऱ्यापैकी जातात. जोड आहे त्या कडेला मात्र पॉलिश लावू नये, फटीतून आत झिरपतं. एवढ्यासाठी अमेरिकेची फेरी करायला नको. हे काउंटरवरच सांगून परत पाठवणारा मध्यस्थ खरा. ही सेवा ते सांगत नाही, घेऊन ठेवते. आमच्या मते तिच्यातला हा सर्वांत मोठा दोष आहे, बिलापेक्षाही मोठा.

स्लॅब ताब्यात देताना काय तपासलं याची नोंद इथे फक्त ‘नग’ आणि ‘नाव’ एवढीच होते. ती पुरेशी नाही. पुढून, मागून आणि चारही कडांचा फोटो घ्यावा. लेबलवरचा सर्टिफिकेशन नंबर स्पष्ट वाचता यावा असा एक फोटो वेगळा घ्यावा. मग दिवा बाजूला तिरका धरून आतल्या पाकिटाच्या कडा टिपाव्यात, कारण सील सुटलेलं समोरच्या उजेडात दिसत नाही. शेवटी स्लॅब उभा धरून अगदी हळू डावीकडे-उजवीकडे कलवून पाहावा. कॉमिक आत सरकत असेल तर ते आधीच लिहून घ्यावं. सैल कॉमिक प्रवासात पाकिटाच्या आतल्या आत आपटत राहतं. खालचे कोपरे बोथट होतात, स्टेपलजवळ कागद ताणतो. कसारा घाट उतरेपर्यंत बसणाऱ्या हिसक्यांतच हे होऊ शकतं, पुढचं विमान तर लांबच राहिलं. हे फोटो दोन्ही बाजूंच्या व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी गेले, की ‘सील आधीच तुटलेलं होतं’ आणि ‘तुमच्याकडे तुटलं’ हा वाद उरत नाही.

पॅकिंगला मात्र पूर्ण गुण. प्रत्येक स्लॅब आधी बबल रॅपमध्ये, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये आणि मग पाच-प्लाय खोक्यात सगळीकडून दोन इंच फोम सोडून. स्लॅब उभे ठेवतात, आडवे एकावर एक रचत नाहीत, हेही बरोबर. खर्च वाचवायला स्वतः पॅक करून देणारे काही जण द्राक्षाच्या पेट्या आणतात. त्या मजबूत असतात, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात, पावसाळ्यात ती नकोत.

याच खोक्यातून बिलातली दुसरी वाढ निघते. विमानाचं कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागायची. ४५ गुणिले ३५ गुणिले २५ म्हणजे ३९,३७५, भागिले ५,०००, म्हणजे ७.८७५. काट्यावर ५ किलो भरलेलं खोकं ८ किलोच्या भावाने जातं. काउंटरवर सांगितलेला भाव ५ किलोचा असतो. ही वाढ खरी आहे, फक्त ती आधी सांगता येते. टेप घेऊन खोकं मोजायला दोन मिनिटं लागतात.

तिसरी वाढ जीएसटीची, आणि इथे ग्राहकाचं सरळ नुकसान होतं. ही सेवा कंपनीचं शुल्क, कस्टम्स आणि स्वतःचं कमिशन एकत्र करून सगळ्यावर १८ टक्के लावते. मध्यस्थाने ग्राहकाच्या वतीने भरलेले पैसे जसेच्या तसे, वेगळे दाखवून वसूल केले आणि बाकीच्या अटी पाळल्या, तर सीजीएसटी नियम ३३ प्रमाणे, ‘प्युअर एजंट’ म्हणून, ते त्याच्या सेवेच्या मूल्यात धरले जात नाहीत. समजा बाहेरचा खर्च १०,००० आणि कमिशन २,००० आहे. सगळ्यावर कर लावला तर २,१६०, फक्त कमिशनवर लावला तर ३६०. अट अशी, की तसा करार आधी झालेला असावा, मूळ बिलं जोडलेली असावीत आणि मध्यस्थाने त्या रकमेवर स्वतःचा नफा चढवलेला नसावा. म्हणून पैसे देताना कंपनीच्या मूळ बिलाची प्रत मागावी. ती द्यायला टाळाटाळ होत असेल तर डॉलरचा भाव कुठल्या दिवसाचा लावला हेही विचारावं.

कस्टम्सचा भाग सर्वांत किचकट, आणि चूक झाली तर सर्वांत महाग. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली आपलीच वस्तू परत येते तेव्हा कस्टम्सच्या अधिसूचनेप्रमाणे पूर्ण किमतीवर शुल्क लागत नाही. दुरुस्तीचा खर्च आणि जाण्या-येण्याचं भाडं व विमा एवढ्यावरच लागतं. त्यासाठी वस्तू तीच असल्याचं पटवता आलं पाहिजे, मालकी बदललेली नसली पाहिजे आणि ती तीन वर्षांच्या आत परत आलेली असली पाहिजे. ही सवलत आपोआप मिळत नाही, जातानाच्या कागदांवर तयारी करून येताना मागावी लागते. जाणाऱ्या इन्व्हॉइसवर प्रत्येक स्लॅबचा सर्टिफिकेशन नंबर, ‘विक्री नाही, दुरुस्ती करून परत’ हा उल्लेख आणि खऱ्या मालकाचं नाव हवं. ही सेवा आठ-दहा ग्राहकांचे स्लॅब एकाच खोक्यात, स्वतःच्या नावाने पाठवते. भाडं वाचतं हे खरं, पण येताना मालकी दाखवणं अवघड होतं आणि पूर्ण किमतीवर शुल्क बसण्याची शक्यता वाढते. कुरिअर कंपनी ते शुल्क आधी भरते आणि भरल्याबद्दल वेगळा आकार घेते. तोही शेवटी ग्राहकाकडेच येतो. महागडा अंक असेल तर एकत्र खोक्यात पाठवू नये, जास्त भाडं परवडतं. विम्याला एक किंमत आणि कस्टम्सला दुसरी, असंही कुणी सुचवलं तर ऐकू नये. नुकसान झालं की विमावाले कमी आकडाच धरतात.

स्लॅब हातात आल्यावर तिथेच, खोकं उघडतानाचा व्हिडिओ घेत पाहावा. लेबलवर नाव, अंक क्रमांक, महिना-साल, ग्रेड आणि पानांचा रंग बरोबर आहे का, आत डोक्याचा केस किंवा धागा अडकला आहे का, कॉमिक सरळ बसलं आहे का. लेबलवरची चूक किंवा आतला कचरा ही कंपनीची यांत्रिक चूक. ती ठरलेल्या मुदतीत कळवली तर कंपनी दुरुस्त करते, त्याचं पुन्हा री-होल्डर शुल्क द्यायचं नसतं. या सेवेकडून अशा दुरुस्तीवरही ‘हाताळणी शुल्क’ मागितलं जातं. ते देऊ नये, लेखी कारण मागावं.

लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. तिथेही सुटलं नाही तर नाशिक जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिल्ह्यात राहत असाल तर एखाद्या सेवेचं ऑफिस मुंबईत असलं तरी तक्रार इथे चालते. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र स्लॅब विकण्याचाच व्यवसाय करणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारावं, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याच्या बाहेर जाऊ शकते.

आतलं सील शाबूत असलेले एक-दोन साधे स्लॅब असतील, रकमेची मर्यादा पावतीवर लिहून मिळाली असेल आणि मूळ बिलं द्यायची तयारी असेल, तर या सेवेकडे जावं. पिवळं लेबल, फाटलेलं पाकीट किंवा मोठ्या किमतीचा जुना अंक असेल तर सध्या तरी इथे देऊ नये.