ट्रान्झिस्टर की मोबाइल?

"भाऊ, आकाशवाणी ऐकाले नवा रेडिओ घेऊ का मोबाइलवरच भागवू?" शेजारच्या काकाजींचा प्रश्न. त्यांच्या जुन्या सेटचं झाकण रबरबँडने धरलंय.

खर्चाचं सोपं आहे. रेडिओ एकदा घेतला की पुढे फक्त सेल. आकाशवाणी ऐकवणारं न्यूज ऑन एअर ॲप फुकट, पण रिचार्ज आपलाच.

खरी गंमत आवाजात. नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर, म्हणजे सेटवरच्या एमडब्ल्यू पट्ट्यावर, ५८५ किलोहर्ट्झला लागतं. वावरात आवाज स्वच्छ येतो, घरात मात्र स्वस्तातला एलईडी बल्ब लावला की घरघर सुरू. तेव्हा सेट थोडा फिरवून बघायचा, आतली अँटेनाची दांडी दिशा धरते. आणि दुकानात आधी विचारा: हल्लीच्या बऱ्याच सेटांत नुसतं एफएम असतं, ते आपल्या कामाचं नाही. ॲपला खरखर नाही, पण नाल्याकाठी रेंज गेली की ऐन हवामानाच्या वेळी पडद्यावर गोल फिरत बसतं.

कार्यक्रमांचं रडगाणं दोन्हीकडे तेच. १९४८ पासूनचं केंद्र, पण आसपासच्या गावांचा आवाज कमी झाला, बाहेरून जोडलेले कार्यक्रम वाढले. त्याला कोणताही सेट काय करणार? ॲपवर निदान दुसरी केंद्रं चाळता येतात.

पुण्याला कामाला गेलेल्या पोराला नागपूर ऐकायचं असेल तर ॲपच. रात्री जागलीला जाणाऱ्याने रेडिओ घ्यावा, मोबाइलची बॅटरी फोनसाठी राहू द्यावी. काकाजी जागलीवाले. त्यांना मी मीडियम वेव्हचा सेट सांगितला, दोन सेलवाला.