चार चुका आणि पंधरा फॉर्म

२२ वर्षं मी नाशिकच्या छापखान्यांसाठी प्रुफं तपासली. त्यामुळे नवं पुस्तक हातात आलं की आधी मधोमध उघडून टेबलावर ठेवते. आपोआप मिटलं तर नुसत्या डिंकावर चिकटवलेलं, उघडं राहिलं तर शिवलेलं. गेल्या रविवारी रविवार कारंज्याजवळच्या एका वाड्याच्या चौकात विकत घेतलेली कादंबरी उघडी राहिली. १६ पानांचे १५ फॉर्म, म्हणजे २४० पानं, आणि प्रत्येक फॉर्म दोऱ्यानं शिवलेला. आजकाल पहिल्या पुस्तकाला एवढा खर्च कोण करतं?

ती काढणारी प्रकाशनसंस्था म्हणजे दोन तरुण मुलं, एक संगणक आणि वाड्यातली एक खोली. वर्षाला तीन-चार पुस्तकं काढतात आणि लेखकाकडून एक रुपया घेत नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्या भाच्याचा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा एका प्रकाशकानं त्याच्याकडून ४५ हजार घेतले आणि प्रतींचे गठ्ठे घरी पाठवून दिले. प्रुफं दाखवलीच नाहीत. अर्पणपत्रिकेत आईचं नाव चुकलं होतं. तो मुलगा पुन्हा लिहिता झाला नाही. पहिलं पुस्तक नीट निघणं माणसाला किती लागतं, हे मी घरात पाहिलंय.

प्रकाशनाचा कार्यक्रम पाचचा होता, सुरू झाला पावणेसहाला. खुर्च्या कमी पडल्या, आम्ही चार-पाच जणी ओसरीच्या पायरीवर बसलो. ध्वनिक्षेपक मध्येच खरखरायचा. पुढच्या वेळी त्यांनी एवढं नक्की सुधारावं. बाकी हारतुरे नव्हते, शाली नव्हत्या, अर्धा तास परिचय करून देणारं कुणी नव्हतं. प्रकाशकांपैकी एक जण पाच मिनिटं बोलला. याच गावचे शिरवाडकर, त्यांची ‘विशाखा’ १९४२ साली वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रसिद्ध केली, याची त्यानं आठवण काढली आणि माइक लेखिकेच्या हाती दिला.

लेखिका दिंडोरी तालुक्यातली, शाळेत शिकवते. तिनं सलग २५ मिनिटं वाचलं. सुरुवातीला आवाज कापत होता, दुसऱ्या पानापासून ठरला. कादंबरी आहे सुरगाण्याहून द्राक्षबागेत कामाला येणाऱ्या एका बाईची. उचल घेऊन गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला येते, मग घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवणं, मणी विरळणी, आणि शेवटी काढणी. एका हंगामाची गोष्ट. वेलींवर डावणी रोग पडतो, मालक रात्र-रात्र झोपत नाही, व्यापारी भाव पाडतो, हे आपण बागाईतदाराच्या बाजूनं पुष्कळ ऐकलंय. इथे ते कात्री धरलेल्या बाईच्या उंचीवरून दिसतं, मांडवाखालून, मान वर करून. विरळणीचं ते प्रकरण ऐकताना माझ्या शेजारच्या बाईंनी नकळत स्वतःची मान चोळली. त्या निफाडच्या, घरची बाग आहे त्यांची.

संपादन कसं झालंय ते संवादांत कळतं. निवेदन प्रमाण मराठीत, साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांना धरून. पात्रांच्या तोंडी मात्र सुरगाण्याकडची कोकणा बोली जशीच्या तशी. बोली ‘सुधारण्याचा’ मोह भल्याभल्यांना आवरत नाही, यांनी आवरलाय. कठीण शब्दांचे अर्थ शेवटी दोन पानांत दिलेत. ते त्या-त्या पानाखाली असते तर बरं झालं असतं, सारखं मागे जावं लागतं. शेवटची तीस-एक पानंही मला घाईची वाटली. बाई गावी परतते तिथे थांबायला हवं होतं, पुढचा सरकारी कचेरीतला भाग लेखिकेनं आवरता घेतल्यासारखा आहे. मुखपृष्ठ मात्र मनापासून आवडलं: पांढऱ्यावर फक्त एक कात्री. मॅट लॅमिनेशनवर बोटांचे डाग पडतात, तेव्हा आल्याबरोबर कव्हर घाला.

छापील किंमत ३५० रुपये, त्या दिवशी २८० ला मिळाली. ५०० प्रतींची आवृत्ती आहे. कार्यक्रमानंतर चहा आणि चिवडा होता. मी एक प्रत माझ्यासाठी घेतली, एक सार्वजनिक वाचनालयाला द्यायला. १८४० पासून गावाला वाचायला देणारी ती जागा, तिथे ही कादंबरी असायलाच हवी.

घरी येऊन दोन रात्रीत वाचून काढली, पेन्सिल हातात धरूनच. २४० पानांत चार चुका सापडल्या. माझ्या नोकरीतही इतकं स्वच्छ पुस्तक क्वचितच हातून गेलं. तरी चिठ्ठी लिहिली आणि मंगळवारी वाड्यावर नेऊन दिली. लेखिका तिथेच होती, टपालाची पाकिटं चिकटवत. तिनं चिठ्ठी उभ्यानंच वाचली, म्हणाली, “मावशी, ८७ पानावरचा ‘पाउस’ मी तीनदा तपासला होता हो.” मग आतून स्वतःची प्रत आणली आणि माझ्याच पेन्सिलीनं तिथे दीर्घ ऊ केला.